गुडघ्यात एक, अंगठ्यात दुसरंच

रक्तातलं युरिक ॲसिड ७.८ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर), म्हणजे वाढलेलं आलं आणि माझ्या गुडघ्याच्या दुखण्याला लगेच नाव मिळालं: गाऊट, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साचून होणारा आजार. तसं ते समजण्यासारखंही होतं. गेली काही वर्षं उजव्या पायाचा अंगठा अधूनमधून रात्रीतून सुजायचा, लालभडक व्हायचा, त्यावर चादरसुद्धा नकोशी व्हायची, आणि आठवड्याभरात काही झालंच नव्हतं अशा थाटात बरा व्हायचा. आता त्याच पायाचा गुडघा टम्म फुगला होता, हाताला गरम लागत होता आणि अंगात कणकण होती. अंगठ्यातलाच आजार वर चढला, असं घरच्यांनी, ओळखीच्या डॉक्टरांनी, सगळ्यांनीच धरलं.

त्यानंतर एमआरआय, एक्स-रे, सोनोग्राफी, ड्युअल एनर्जी सीटी आणि एक साधी सुई अशा सगळ्यांतून मी गेलो. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे पाय ठणकत असतानाही समोरच्याला ‘हे यंत्र नक्की काय बघतं?’ असं विचारायची खोड गेली नाही. बहुतेकांनी आनंदानं सांगितलं. जे कळलं ते इथे लिहितोय, कारण हातात रिपोर्टांचा गठ्ठा आणि डोक्यात गोंधळ अशा अवस्थेत बसलेले बरेच लोक मला त्या काळात बाकड्यांवर भेटले.

सुरुवात झाली एमआरआयनं, आणि ती उलट्या टोकाकडून झाली. पहिल्यांदा जिथे दाखवलं तिथे ‘एकदा एमआरआय केला की सगळं कळतं’ असं सांगून चिठ्ठी हातात दिली गेली. त्या नळीत खडखडाट ऐकत, सुजलेला गुडघा न हलवता पडून राहणं ही शिक्षाच होती. रिपोर्ट मात्र भरगच्च: सांध्यात पाणी, आवरणाला सूज, कूर्चेची म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराची झीज, आतल्या गादीला म्हणजे मेनिस्कसला चीर असल्याची शक्यता. दुर्बिणीतून शस्त्रक्रियेचा विषयही निघाला. स्फटिक हा शब्द संपूर्ण रिपोर्टात कुठेच नव्हता.

नंतर संधिवाततज्ज्ञ डॉक्टरबाईंनी तो रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या, ‘सर, एमआरआय पाणी आणि चरबी बघतो. तुमच्या भाषेत हायड्रोजनची केंद्रकं. कॅल्शियमचा कण त्याच्यासाठी जवळजवळ मुका.’ हे मला कळायला हवं तितकं लगेच कळलं. स्फटिकात हलणारं पाणी नाही, मग संकेत येणार कुठून? छोटे कण एकतर दिसत नाहीत, किंवा नुसता काळा ठिपका होऊन राहतात. त्याहून गमतीची गोष्ट त्यांनी पुढे सांगितली. मेनिस्कसमध्ये कॅल्शियमचे कण साचले असले, की कधीकधी तिथला संकेत असा बदलतो की चीर पडल्यासारखंच दिसतं. म्हणजे माझी ‘शक्यता असलेली चीर’ कदाचित चीर नव्हतीच. एमआरआय वाईट असं त्या म्हणाल्या नाहीत. हाडाच्या मज्जेतली सूज, हाडापर्यंत गेलेला जंतुसंसर्ग, एक्स-रेत न दिसणारी बारीक मोड या बाबतीत तो सगळ्यांच्या पुढे आहे. युरिक ॲसिडची मोठी गाठ असेल तर तीही त्यात दिसते. पण ती गाठ युरिक ॲसिडचीच, असं छातीठोकपणे सांगणं त्याला जमत नाही.

त्यांनी सगळ्यात आधी केलं ते काम कुठल्याच यंत्राचं नव्हतं. गुडघ्यातलं पाणी काढलं. कारण सांगितलं ते असं: गरम, सुजलेला एकच सांधा आणि सोबत कणकण असेल तर आत जंतू आहेत की नाहीत हे आधी पाहायचं. सांध्यात पू झाला असेल तर थोड्याच दिवसांत कूर्चा खलास होते, आणि कुठल्याही स्कॅनवर स्फटिकांची सूज आणि जंतूंची सूज खात्रीनं वेगळी करता येत नाही. दोन्ही एकाच वेळी असूही शकतात. म्हणून पाण्याच्या तीन वाटण्या झाल्या: पेशी मोजायला, जंतू वाढवून बघायला आणि स्फटिक शोधायला. सुई टोचताना दुखलं, पण ते गढूळ पिवळं पाणी बाहेर आल्यावर गुडघा इतका हलका झाला की मी त्यांना जागेवरच नमस्कार केला.

सूक्ष्मदर्शक त्यांच्याच शेजारच्या खोलीत होता. मी शिक्षक होतो हे कळल्यामुळे असेल, त्यांनी मला आत बोलावलं. ध्रुवीकृत प्रकाश मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवला होता, कॅल्साइटचा तुकडा फिरवून दाखवला होता. इथे तीच गोष्ट माझ्याच गुडघ्यातल्या थेंबावर चालली होती. एकमेकांना आडव्या दोन पोलरायझर पट्ट्यांमध्ये ती काच आणि मध्ये एक कॉम्पेन्सेटर, म्हणजे रंगांतून स्फटिकाचा प्रकार ओळखू देणारी पट्टी, त्यामुळे पार्श्वभूमी गुलाबी-जांभळी. युरिक ॲसिडचे, म्हणजे मोनोसोडियम युरेटचे, स्फटिक लांब सुईसारखे आणि झगझगीत दिसतात. कॉम्पेन्सेटरच्या अक्षाला समांतर असले तर पिवळे, काटकोनात निळे. डॉक्टरबाईंनी काच सरकवत सरकवत एका पांढऱ्या पेशीवर थांबवली. पेशीच्या पोटात एक आखूड, चौकटीच्या आकाराचा तुकडा होता, मंद निळा. ‘अक्षाला समांतर आहे आणि निळा आहे. बघा, उलटं आहे.’ त्यांनी स्टेज फिरवला, तसा तो फिकट पिवळा झाला. सुई नव्हती, झगमगाट नव्हता. हे कॅल्शियम पायरोफॉस्फेट. आजाराचं नाव स्यूडोगाऊट, म्हणजे गाऊटसारखा भासणारा.

ही तपासणी तशी जुनी. १९६१ मध्ये मॅकार्टी आणि हॉलंडर या डॉक्टरांनी गाऊटच्या सांध्यातल्या पाण्यात युरेटचे स्फटिक या पद्धतीनं दाखवले, आणि पुढच्याच वर्षी मॅकार्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही ‘गाऊट’च्या रोग्यांत वेगळेच, कॅल्शियमचे स्फटिक सापडल्याचं मांडलं. साठ वर्षांपूर्वी ज्या घोळातून हा दुसरा आजार वेगळा काढला गेला, त्याच घोळात माझा गुडघा आजही पडला होता. रक्तातलं युरिक ॲसिड वाढलेलं असणं म्हणजे गाऊट नव्हे, हे मला तिथे पहिल्यांदा नीट समजलं. वाढलेलं असूनही जन्मभर काही न होणारे पुष्कळ असतात. उलट गाऊटच्या ऐन झटक्यात ते नॉर्मलही येऊ शकतं.

मग प्रश्न उरला अंगठ्याचा. तो आता शांत होता, त्यातून पाणी काढण्यासारखं काही नव्हतं. आणि स्कॅनची खरी गरज इथे सुरू झाली.

एक्स-रे आधी झाला, दोन्ही गुडघ्यांचा आणि दोन्ही पावलांचा. इतकी जुनी, इतकी साधी तपासणी, आणि माझ्या गुडघ्याचं गुपित तिनं क्षणात सांगितलं. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमध्ये जी मोकळी जागा दिसते ती खरी मोकळी नसते, तिथे कूर्चा असते, फक्त एक्स-रेला ती दिसत नाही. माझ्या फिल्मवर त्या जागेत हाडाच्या कडेला समांतर अशी एक बारीक पांढरी रेघ होती, आणि दोन्ही बाजूंना मेनिस्कसच्या जागी पांढुरके त्रिकोण. कूर्चेतच कॅल्शियम साचलेलं. न दुखणाऱ्या डाव्या गुडघ्यातही तेच, थोडं कमी. पावलाचा एक्स-रे मात्र कोरा. अंगठ्याच्या सांध्यात काहीही नाही. ‘याचा अर्थ गाऊट नाही असा होत नाही,’ असं रेडिओलॉजिस्टनी स्वतःहून सांगितलं. गाऊटमध्ये एक्स-रेवर दिसतात ती हाड कुरतडल्यासारखी खोबण आणि तिच्यावर पुढे आलेला हाडाचा कंगोरा. हे व्हायला सहसा वर्षानुवर्षं जावी लागतात. तोवर एक्स-रे गप्पच असतो. स्यूडोगाऊटमध्येही पांढरी रेघ दिसली नाही म्हणून आजार नाही, असं म्हणता येत नाही. दिसली तर मात्र बरंच काही ठरतं.

सोनोग्राफी ही मला सगळ्यात जास्त आवडलेली तपासणी, आणि सगळ्यात जास्त दुखलेलीही. मांडीच्या हाडाच्या टोकावरची कूर्चा बघायची तर गुडघा पूर्ण दुमडावा लागतो, नाहीतर ती वाटीखाली लपते. ‘काका, अजून थोडा... अजून थोडा,’ म्हणत त्या तरुण डॉक्टरनं तो दुमडवला. डोळ्यांतून पाणी आलं. पण पडदा माझ्याकडे वळवून त्यानं जे दाखवलं त्यात मी दुखणं विसरलो. ध्वनिलहरींना कूर्चा जवळजवळ काळी दिसते, कारण आत परावर्तन करण्यासारखं काही नसतं. तिच्या खाली हाडाची लख्ख पांढरी कड. माझ्या कूर्चेच्या काळ्या पट्ट्याच्या ऐन मध्यात पांढरे ठिपके विखुरले होते. कुठे कुठे ते जुळून तुटक रेघ झाली होती. मेनिस्कसमध्येही तसेच चमकदार कण. प्रोब, म्हणजे हातातलं ते ध्वनिलहरी सोडणारं टोक, तसाच ठेवून त्यानं मला गुडघा हलवायला लावला, तर ठिपके कूर्चेबरोबर हलत होते. म्हणजे ते तिच्या आतलेच.

मग त्यानं प्रोब अंगठ्याच्या सांध्यावर धरला. इथे चित्र वेगळं. कूर्चेचा काळा पट्टा आतून स्वच्छ, पण त्याच्या वरच्या पृष्ठभागावर आणखी एक पांढरी, जराशी खडबडीत रेघ. खाली हाडाची, वर ही, रुळाच्या दोन पट्ट्यांसारख्या समांतर, आणि मधे काळी फट. याला ते डबल कंटूर म्हणतात. युरेट कूर्चेच्या अंगावर साचतं, पायरोफॉस्फेट कूर्चेच्या पोटात. एवढ्या एका फरकावर दोन आजार पडद्यावर वेगळे होतात, आणि तो फरक जेमतेम एखाद्या मिलीमीटरचा.

इथे मी मुद्दाम खोदून विचारलं. कूर्चेचा वरचा पृष्ठभाग निरोगी माणसातही चमकू शकतो ना, ध्वनी बरोबर काटकोनात पडला तर? ‘चमकतो की,’ म्हणत त्यानं प्रोब किंचित कलता केला. निरोगी कूर्चेवरची चमक कोन बदलला की विझते, कारण ती नुसती आरशासारखी परावर्तित झालेली असते. स्फटिकांच्या थराची चमक कोन बदलला तरी राहते. माझ्या अंगठ्यावरची राहिली. हे सगळं करणाऱ्या माणसाच्या हातावर आणि डोळ्यावर अवलंबून आहे, हे मात्र उघड होतं. घाईत कुणी गुडघा न दुमडता, प्रोब एकाच कोनात धरून पाहिला असता तर दोन्ही गोष्टी सुटल्या असत्या. छापील चित्रावरून दुसऱ्या डॉक्टरला नंतर फारसं काही ठरवता येत नाही. सोनोग्राफीची ही खरी अडचण आहे, यंत्राची नाही.

ड्युअल एनर्जी सीटीबद्दल मला आधीपासून कुतूहल होतं. एकाच जागेचे एक्स-रे दोन वेगवेगळ्या ऊर्जांवर घ्यायचे, बहुधा ८० आणि १४० किलोव्होल्टच्या आसपास, आणि दोन्हींत शोषण किती बदलतं ते पाहायचं. कॅल्शियमचा अणुक्रमांक २०. कमी ऊर्जेच्या किरणांना तो खूपच जास्त अडवतो, कारण प्रकाशविद्युत शोषण अणुक्रमांकाबरोबर झपाट्यानं वाढतं. युरेट म्हणजे कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, हायड्रोजन आणि जोडीला सोडियम, सगळे हलके. दोन्ही ऊर्जांवर त्याचं वागणं फारसं बदलत नाही. संगणक हा फरक पकडून युरेटला एक रंग देतो, कॅल्शियमला दुसरा. माझ्या चित्रात युरेट हिरवं होतं. ही कल्पना काही आजची नाही. सीटी स्कॅन बनवणाऱ्या हाउन्सफील्ड यांनी १९७३ मध्येच दोन व्होल्टेजवर चित्र घेऊन पदार्थ ओळखता येतील असं लिहून ठेवलं होतं. प्रत्यक्षात यायला मात्र बरीच वर्षं लागली.

तपासणी म्हणून काहीच नाही. पाय ठेवले, टेबल आत-बाहेर झालं, संपलं. चित्र मात्र बघत राहावं असं. करड्या हाडांचं पाऊल आणि अंगठ्याच्या सांध्याच्या आतल्या कडेला हिरवा ठिपका. घोट्याजवळच्या एका स्नायुबंधालाही हिरवी किनार, जिथे मला कधी दुखलंच नव्हतं. आणि गंमत म्हणजे पायाच्या सगळ्या नखांखाली आणि टाचेच्या जाड कातडीतही हिरवं! मी हबकलो. रेडिओलॉजिस्ट हसले. नखं आणि जाड कातडी या यंत्राला नेहमीच फसवतात. ते खोटं हिरवं. खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे जागेवरून आणि आकारावरून ठरतं. गुडघ्याच्या चित्रात हिरवं काहीच नव्हतं. कूर्चेतलं कॅल्शियम दिसत होतं, पण ते नेमकं कॅल्शियमचा कुठला क्षार आहे हे सांगायचं काम अजून या यंत्राच्या भरवशावर सोडत नाहीत.

त्याची दुसरी मर्यादा मला जास्त महत्त्वाची वाटते. युरेटचा साठा फार बारीक असेल, साधारण दोन मिलीमीटरच्या आतला, किंवा आजार अगदी नवा असेल, तर दोन ऊर्जांचं सीटीही कोरं येतं. पहिल्याच झटक्यानंतर कुणी हा स्कॅन केला आणि हिरवं काही दिसलं नाही, तर गाऊट नाही असा निष्कर्ष काढू नये. अशा वेळी सोनोग्राफी सरस ठरू शकते, कारण पातळ थर तिला आधी दिसतो. उलट साठा एकूण किती आहे, खोल स्नायुबंधात, पाठीच्या कण्यात कुठे दडलाय, हे सोनोग्राफीच्या आवाक्यातलं नाही. मानेचा विषय निघाला तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं, की पायरोफॉस्फेट कधीकधी मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या दातासारख्या वर आलेल्या टोकाभोवती साचतं. रोगी अचानक मान आखडून, तापानं फणफणून येतो, आणि मेंदूज्वराची शंका येते. तिथे साधं सीटीच निकाल देतं.

सगळे रिपोर्ट पुढ्यात मांडून त्यांनी मग निदान लिहिलं. गुडघ्यात पायरोफॉस्फेट, अंगठ्यात युरेट. एकाच माणसात दोन्ही असणं अशक्य नाही. अंगठ्यात सुई का घातली नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, सोनोग्राफीत किंवा या सीटीत युरेटच्या ठळक खुणा दिसल्या असतील तर निदानासाठी पाणी काढायचा आग्रह आता धरत नाहीत. गाऊटच्या वर्गीकरणाचे २०१५ चे आंतरराष्ट्रीय निकषही या दोन्ही चित्रांना गुण देतात. गुडघ्याच्या बाबतीत मात्र सुई टाळता आली नसती, कारण जंतूंचा प्रश्न होता. जंतूंचा रिपोर्ट काही दिवसांनी आला, काही वाढलं नव्हतं. त्यानंतरच गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं. मेनिस्कसच्या शस्त्रक्रियेचा विषय परत निघाला नाही.

उपचार दोन वेगळ्या वाटांनी चालू आहेत. युरेट विरघळतं. रक्तातली पातळी ६.८ च्या वर राहिली तर ते स्फटिक होऊन साचू शकतं, म्हणून ती ६ च्या खाली आणून तिथेच ठेवायची. त्यासाठी ॲलोप्युरिनॉल, आणि सुरुवातीच्या काळात झटका येऊ नये म्हणून थोडं कोल्चिसिन. काही महिन्यांनी अंगठ्याची पुन्हा सोनोग्राफी होईल. पातळी नीट खाली राहिली तर कूर्चेवरची ती वरची रेघ पुसट होत जाते. सीटी पुन्हा करायची घाई नाही. गुडघ्यातलं कॅल्शियम विरघळवणारं औषध नाही. झटका आला तर सूज उतरवायची, इतकंच. या वयात ते अनेकांत असतं, तरी मागे दुसरं कारण नको म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आणि पॅराथायरॉइडच्या तपासण्या केल्या. सगळ्या ठीक आल्या.

परवा उजवं मनगट करंगळीच्या बाजूनं दुखायला लागलं. मी फोन करून थेट विचारलं, दोन ऊर्जांचं सीटी करू का? ‘सर, आधी साधा एक्स-रे, मग लागली तर सोनोग्राफी,’ असं उत्तर आलं. एक्स-रेच्या चिठ्ठीवर तपासणीचं कारण म्हणून त्यांनी ‘मनगटदुखी’ लिहिलेलं नाही. ‘मनगटाच्या त्रिकोणी कूर्चेत कॅल्शियम आहे का, ते पाहावे’ असं लिहिलंय.